वेबपानासाठी डिझाइन कापताना: गिम्प आणि फोटोशॉपमध्ये स्लाइसिंगचा बरोबर क्रम

डिझाइन कापून (म्हणजे एका मोठ्या चित्राचे तुकडे करून, यालाच स्लाइसिंग म्हणतात) पानात टाकलं की ठरावीक तक्रारी येतात. दोन तुकड्यांमध्ये केसाएवढी पांढरी रेघ दिसते. लोगो फिका आणि फोटो गडद वाटतो. मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी होतात. ऑफिसच्या संगणकावर सगळं ठीक असतं, सर्व्हरवर चढवलं की निम्मी चित्रं गायब. यातल्या बहुतेक तक्रारींचा कापण्याच्या हत्याराशी काही संबंध नसतो. कापण्याआधी दहा मिनिटं जी तयारी करायला हवी होती ती झालेली नसते, किंवा पायऱ्यांचा क्रम उलटा झालेला असतो.

समजायला सोपं जावं म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे: दागिन्यांच्या दुकानाचं गुढीपाडव्याच्या ऑफरचं एक उभं पान. डिझाइन १२०० × ३२०० पिक्सेलचं आहे आणि पानावर ते ६०० पिक्सेल रुंदीला दिसणार आहे, म्हणजे दुप्पट मापाचं. वरून खाली असे सहा पट्टे आहेत:

- लोगोचा पट्टा: ० ते २४०
- मुख्य फोटो: २४० ते १२००
- ऑफरचा मजकूर: १२०० ते १६८०
- शेजारी शेजारी तीन दागिने: १६८० ते २४००
- दुकानाचा पत्ता: २४०० ते २८००
- रांगोळीची नक्षी: २८०० ते ३२००

मेन्यूंची आणि गुणधर्मांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

## टप्पा १: काय कापायचं नाही, ते आधी ठरवा

डिझाइनचा प्रिंट काढा किंवा स्क्रीनवर समोर ठेवा आणि प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा: हे एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना लिहिण्याची भाषा) आणि सीएसएसने (पानाचं रूप ठरवणारी भाषा) होतं का? होत असेल तर तो भाग कापायचा नाही.

मजकूर कधीच कापायचा नाही. आपल्या उदाहरणात तिसरा आणि पाचवा पट्टा इथेच बाद झाले. चित्रातला मजकूर मोबाइलवर चित्राबरोबर आक्रसतो, शोधयंत्राला धड वाचता येत नाही, पत्त्यातला फोन नंबर दाबून लावता येत नाही आणि किंमत बदलली की पुन्हा डिझायनरच्या मागे लागावं लागतं. एकरंगी पार्श्वभूमी, गोल कोपरे, सावल्या, दोन रंगांचे उतार, साधी बटणं हेही सगळं सीएसएसचं काम.

'चित्राच्या ठरावीक भागावर क्लिक केलं की वेगळी लिंक उघडायला हवी' एवढंच कारण असेल तरीही कापू नका. पूर्ण चित्र एका चौकटीत ठेवा आणि त्यावर पारदर्शक लिंका टक्केवारीच्या मापांनी बसवा. जुना इमेज मॅप (चित्राच्या भागांना लिंका जोडण्याची एचटीएमएलमधली पद्धत) इथे फसवतो, कारण त्याचे निर्देशांक पिक्सेलमध्ये असतात. चित्र मोबाइलवर लहान झालं तरी ते आकडे जागचे हलत नाहीत, आणि अंगठीवर दाबलं की बांगड्यांचं पान उघडतं.

ताणली जाणारी नक्षीदार चौकट, समजा पैठणीच्या काठासारखी, हाही असाच प्रकार. लोक तिचे आठ-नऊ तुकडे करतात. त्याची गरज नाही. ते काम 'बॉर्डर-इमेज' हा सीएसएस गुणधर्म ब्राउझरमध्येच करतो. ३०० × ३०० पिक्सेलचं चौकटीचं चित्र असेल आणि कोपऱ्यांची नक्षी १०० पिक्सेलची असेल, तर स्लाइसचा आकडा १०० द्या, एककाशिवाय. बॉर्डरची जाडी ५० पिक्सेल ठेवा आणि पुनरावृत्तीला 'राउंड'. दोन गोष्टी हमखास राहून जातात. 'बॉर्डर-स्टाइल' सॉलिड केली नाही तर चौकट दिसतच नाही. आणि मधला भाग हवा असेल तर 'फिल' हा शब्द जोडावा लागतो, नाहीतर ब्राउझर तो टाकून देतो.

वेग वाढतो म्हणून मोठा फोटो कापण्याची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. एचटीटीपी २ वर (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीची पद्धत) चालणाऱ्या सर्व्हरवर त्याचा फायदा उरलेला नाही. एक नीट दाबलेला प्रोग्रेसिव्ह जेपेग (आधी धूसर, मग हळूहळू स्पष्ट होत उतरणारा) पाच तुकड्यांपेक्षा बरा.

तपासा: उरलं काय? लोगो, मुख्य फोटो, तीन दागिने, रांगोळी. सहा पट्ट्यांच्या डिझाइनमधून सहाच फाइली निघणार. यादी बारा-पंधरापर्यंत जात असेल तर पुन्हा वरून वाचा.

## टप्पा २: मूळ फाइल कापण्यायोग्य करा

या टप्प्यावर घाई करणारे पुढे सगळ्यात जास्त वेळ घालवतात.

१. प्रत काढा. मूळ फाइलला हात लावायचा नाही. गिम्पमध्ये प्रत एक्ससीएफ स्वरूपात, फोटोशॉपमध्ये पीएसडी स्वरूपात ठेवा. जेपेग ही कामाची फाइल होऊ शकत नाही. प्रत्येक वेळी सेव्ह करताना तिचा दर्जा थोडा उतरतो.

२. रंगांची व्यवस्था एकच करा. छपाईसाठी केलेलं डिझाइन सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) असतं. आपल्याकडे अशी डिझाइनं बहुतेक वेळा कोरलड्रॉमधून येतात. डिझायनरकडून आरजीबी (स्क्रीनच्या रंगांच्या) मोडमधला पीएनजी मागा आणि रुंदी पिक्सेलमध्ये सांगा: १२००. 'ए-फोर मापाचं पाठवा' असं सांगितलंत की कडा अपूर्णांकातल्या पिक्सेलवर येतात आणि रेषा धुरकट होतात. फाइल उघडल्यावर प्रोफाइल (आकड्यांचा नेमका रंग कोणता, ते सांगणारी नोंद) एसआरजीबीमध्ये, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगव्यवस्थेत, बदला. गिम्पमध्ये इमेज → कलर मॅनेजमेंट → कन्व्हर्ट टू कलर प्रोफाइल. फोटोशॉपमध्ये एडिट → कन्व्हर्ट टू प्रोफाइल.

> सावधान: फोटोशॉपमध्ये 'असाइन प्रोफाइल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' एकाखाली एक आहेत. असाइनने आकडे तेच राहतात आणि दिसणारा रंग बदलतो. आपल्याला उलट हवंय: रंग तसाच दिसला पाहिजे. म्हणून कन्व्हर्ट.

३. माप आत्ताच बदला, नंतर नाही. डिझाइन २४०० रुंद आलं असेल तर ते १२००वर आणायचं काम कापण्याआधी. कापलेले तुकडे वेगवेगळे लहान केले की प्रत्येक तुकड्याच्या कडेचे पिक्सेल शेजारच्या तुकड्याला न विचारता नव्याने मोजले जातात. मग जोडावर रेघ दिसते, आणि ती सीएसएसने पुसता येत नाही.

४. मजकुराचे लेयर लपवा. ऑफर, किंमत, पत्ता आणि बटणावरची अक्षरं यांचे डोळे (लेयरच्या नावाशेजारची डोळ्याची चिन्हं) बंद करा. लोगोतलं नाव मात्र राहू द्या.

५. मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्या. लपवलेला मजकूर आता एचटीएमएलमध्ये लागणार आहे. डिझाइन श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल, तर कॉपी केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी बाहेर येते. तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढा किंवा सरळ नव्याने टाइप करा, आणि जोडाक्षरं, रफार, अनुस्वार वाचून पाहा. हे काम शेवटच्या संध्याकाळसाठी ठेवू नका.

लोगोसारख्या जागी देवनागरी अक्षरं चित्रातच राहणार असतील, तर कापाची रेघ शिरोरेषेला चिकटवू नका. वेलांटी, मात्रा, रफार वर जातात. उकार, ऋकार खाली लोंबतात. अक्षरांच्या उंचीच्या निदान एक तृतीयांश मोकळी जागा वर आणि खाली सोडा. रोमन लोगोवर हात बसलेल्या माणसाकडून 'श्री'ची वेलांटी छाटली जाणं नेहमीचं आहे.

## टप्पा ३: गाइड आकड्यांनी टाका, हाताने ओढून नाही

पट्टीवरून गाइड (कुठे कापायचं ते दाखवणारी मदतीची रेघ) ओढून 'दिसायला बरोबर' जागी सोडणं हे बहुतेक रेघांचं मूळ आहे. गाइड आकड्यानेच टाका.

गिम्पमध्ये इमेज → गाइड्स → न्यू गाइड. दिशा आडवी निवडा, जागा टाइप करा. पाच वेळा: २४०, १२००, १६८०, २४००, २८००. शेजारचा 'बाय पर्सेंट' पर्याय इथे वापरू नका. टक्क्यांतून पूर्ण पिक्सेल निघतीलच असं नाही. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेन्यूमधलं न्यू गाइड उघडा आणि आकड्यापुढे पिक्सेलचं एकक लिहा. पट्टी सेंटिमीटरवर असेल तर आधी पट्टीवर राइट क्लिक करून पिक्सेल निवडा.

आकडे निवडताना दोन नियम.

पहिला: डिझाइन दुप्पट मापाचं आहे, म्हणून प्रत्येक आकडा सम हवा. गाइड २४१वर असेल तर पानावर तो तुकडा १२०.५ पिक्सेलचा होतो आणि अर्ध्या पिक्सेलचं काय करायचं ते ब्राउझर आपल्या मनाने ठरवतो. तिप्पट मापाच्या डिझाइनमध्ये आकडे तीनने भाग जाणारे ठेवा.

दुसरा: एकमेकांना चिकटून बसणारे तुकडे जेपेग होणार असतील तर आकडे १६ने भाग जाणारे ठेवा. जेपेग चित्राचे ८ × ८चे ठोकळे करतो, आणि रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मी ठेवली तर हा ठोकळा १६ × १६चा होतो. तुकडा ठोकळ्याच्या मध्येच संपला की उरलेली जागा भरून काढली जाते आणि कडेला किंचित डाग उमटतो. वरचे पाचही आकडे १६ने भाग जातात, आणि पुढे लागणारे ४०० आणि ८०० सुद्धा. हे आकडे तसेच निवडले आहेत; डिझायनरने दिलेल्या फाइलमध्ये ते क्वचितच असे मिळतात, चार-सहा पिक्सेल सरकवावं लागतं.

कापाची रेघ शक्यतो एकाच रंगाच्या भागातून न्या. फोटोच्या मधून, चेहऱ्यावरून, तिरप्या रेषेवरून गेली की बारीकसा फरकही डोळ्यात भरतो.

तपासा: ८०० टक्के झूम करा आणि प्रत्येक गाइडजवळ जाऊन पाहा. गाइडच्या वरची पिक्सेलची ओळ एका रंगाची आणि खालची दुसऱ्या रंगाची दिसायला हवी. मध्ये तिसऱ्या, मिश्र रंगाची ओळ असेल तर डिझाइनमधली आकृतीच अपूर्णांकावर बसलेली आहे. ती हलवा, गाइड हलवून काही होणार नाही.

## टप्पा ४: गिम्पमध्ये कापणी, दोन फेऱ्यांत

गिम्पमधली इमेज → स्लाइस युजिंग गाइड्स ही आज्ञा गाइडांवरून चित्र आरपार कापते. आरपार म्हणजे अक्षरशः या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाच आडव्या गाइडांबरोबर दोन उभ्या गाइड एकदमच टाकल्या तर सहा नव्हे, अठरा तुकडे होतात आणि मुख्य फोटोचेही तीन भाग पडतात. या एका गोष्टीमुळे अनेकजण गिम्प सोडून देतात. उपाय साधा आहे: आधी आडवं, मग उभं.

१. फक्त आडव्या पाच गाइडांसह फाइल सेव्ह करा. एक्ससीएफमध्ये गाइडही जपल्या जातात.

२. स्लाइस युजिंग गाइड्स चालवा. सहा नवीन चित्रं उघडतील. मूळ चित्र तसंच राहतं.

३. तिसरा आणि पाचवा पट्टा, म्हणजे मजकुराचे, न जपता बंद करा.

४. दागिन्यांच्या पट्ट्यावर या. उंची ७२० आहे ना, ते पाहा. मग ४०० आणि ८००वर उभ्या गाइड टाका आणि पुन्हा तीच आज्ञा द्या. ४०० × ७२०चे तीन तुकडे मिळतील.

५. प्रत्येक तुकडा कंट्रोल-शिफ्ट-ई ने एक्स्पोर्ट करा. सेव्ह करू नका. सेव्ह म्हणजे गिम्पची स्वतःची फाइल.

> सावधान: एखाद्या तुकड्याच्या एका बाजूला एकच पिक्सेल जास्त किंवा कमी आढळला तर तो तुकडा हाताने छाटू नका. मूळ फाइलवर जा, गाइड काढा, आकड्याने पुन्हा टाका. हाताने छाटलेला तुकडा शेजारच्याशी कधीच जुळत नाही.

## टप्पा ५: फोटोशॉपमध्ये हेच काम

१. क्रॉप टूल दाबून धरा; त्याखाली स्लाइस टूल आणि स्लाइस सिलेक्ट टूल लपलेले असतात.

२. स्लाइस टूल निवडल्यावर वरच्या पट्टीत 'स्लाइसेस फ्रॉम गाइड्स' हे बटण येतं. आडव्या गाइडांवर ते दाबा. हे बटण आधी केलेले सगळे स्लाइस पुसून टाकतं, म्हणून ते पहिल्यांदाच दाबायचं, मध्येच नाही.

३. स्लाइस सिलेक्ट टूलने दागिन्यांचा पट्टा निवडा, राइट क्लिक → डिव्हाइड स्लाइस, उभे तीन भाग. इथे गिम्पसारखी दुसरी फेरी लागत नाही.

४. प्रत्येक स्लाइसवर डबल क्लिक करून नाव द्या. मजकुराच्या दोन पट्ट्यांना प्रकार 'नो इमेज' द्या.

५. फाइल → एक्स्पोर्ट → सेव्ह फॉर वेब. शेजारचा 'एक्स्पोर्ट ॲज' हा पर्याय नवीन आणि सुटसुटीत असला तरी तो स्लाइस ओळखत नाही. पूर्ण चित्र एकसंध बाहेर काढतो.

६. शेवटच्या खिडकीत फॉरमॅट 'इमेजेस ओन्ली' आणि स्लाइस 'ऑल युजर स्लाइसेस'.

नाव देण्याची पायरी टाळू नका. नाव नसलेल्या स्लाइसला फोटोशॉप वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे क्रमांक देतो. मध्येच एक स्लाइस वाढवला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि पानावर रांगोळीच्या जागी बांगड्या येतात.

युजर स्लाइसची कड सलग रेषेची दिसते. ऑटो स्लाइसची तुटक. स्वतः न आखलेल्या मोकळ्या जागेचे ऑटो स्लाइस फोटोशॉप आपोआप बनवतो. तुटक रेषेचा एखादा तुकडा दिसला, तर कुठेतरी फट राहिली आहे किंवा दोन स्लाइस एकावर एक चढले आहेत.

'एचटीएमएल अँड इमेजेस' हा पर्याय निवडून फोटोशॉपने बनवलेलं पान थेट सर्व्हरवर चढवणं ही दुसरी टोकाची चूक. त्यात पक्क्या पिक्सेल मापांचा तक्ता असतो. मोबाइलवर तो आडवा सरकवत बसावं लागतं.

फिग्मामध्ये (ब्राउझरमध्ये चालणारं डिझाइनचं साधन) डिझाइन असेल तर स्लाइस टूल 'एस' दाबून मिळतं, पण ते आपल्या चौकटीखाली जे जे दिसतं ते सगळं उचलतं, लपवायला विसरलेला मजकूरही. शक्य तिथे स्वतंत्र फ्रेम निवडून तिच्या एक्स्पोर्ट विभागात माप द्या. डिझाइन ६००वर केलेलं असेल तर 'दोन एक्स', १२००वर केलेलं असेल तर 'एक एक्स'. हे उलटं झालं की २४०० पिक्सेलच्या जडशीळ फाइली पानात येतात.

## टप्पा ६: प्रत्येक तुकड्याला त्याचा फॉरमॅट

- मुख्य फोटो आणि दागिने: जेपेग किंवा वेबपी (वेबसाठीचा नवा चित्रफॉरमॅट). दुप्पट मापाचं चित्र असल्याने जेपेगचा दर्जा ६५ ते ७५ पुरतो. गिम्प सुरुवातीला ९० दाखवतो, तो खाली आणा. लाल रंगावर सोन्याची बारीक तार असेल तर सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवायची तो पर्याय) ४:४:४, म्हणजे पूर्ण, निवडा, नाहीतर कडेला लाल झिरपतो.
- लोगो: मूळ वेक्टर फाइल (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली) मिळत असेल तर एसव्हीजी या वेक्टर स्वरूपात मागा आणि तो तुकडा कापायचाच विसरून जा. नसेल तर पीएनजी.
- रांगोळी: सपाट रंग असतील तर पीएनजी, इंडेक्स्ड मोडमध्ये ३२ किंवा ६४ रंगांवर. फाइल बरीच हलकी होते. गिम्पमध्ये इमेज → मोड → इंडेक्स्ड.

> सावधान: गिम्पच्या इंडेक्स्ड मोडमध्ये अर्धवट पारदर्शकता टिकत नाही. पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो, नाहीतर अजिबात नाही. मऊ सावली असलेल्या तुकड्याच्या कडा दातेरी होतात. असा तुकडा आरजीबीमध्येच राहू द्या.

जोडावरून एकच रंग किंवा नक्षी सलग जात असेल, तर चिकटून बसणाऱ्या दोन तुकड्यांना वेगळा फॉरमॅट किंवा वेगळा दर्जा देऊ नका. एकाच केशरी रंगाचा पीएनजी आणि जेपेग शेजारी ठेवला तर फरक दिसू शकतो. पीएनजी एक्स्पोर्ट करताना गॅमा (उजळपणाची नोंद) जपण्याचा पर्याय बंद ठेवा, आणि रंगप्रोफाइल ठेवायचं तर सगळ्या तुकड्यांत ठेवा किंवा सगळ्यांतून काढा.

फोटोशॉपच्या सेव्ह फॉर वेबमध्ये वेबपी नाही. वेबपी हवं असेल तर तिथून पीएनजी-२४ काढा आणि स्क्वूश या ब्राउझरमधल्या साधनात बदला. जेपेगवरून वेबपी करू नका. एकदा दाबलेलं पुन्हा दाबलं जातं.

## टप्पा ७: फाइलींची नावं

इंग्रजी लहान लिपीतली अक्षरं, शब्दांमध्ये आडवी छोटी रेघ, जागा नाही, कंस नाही, देवनागरी नाही. विंडोजला नावातल्या मोठ्या-लहान अक्षरांचा फरक चालतो. बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर असतात आणि तिथे तो चालत नाही. सुरुवातीला म्हटलेली 'निम्मी चित्रं गायब' ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यावरच सुटते. फोटोच्या नावात काय आहे ते लिहा. क्रमांकाचं नाव सहा महिन्यांनी कुणालाच कळत नाही.

## टप्पा ८: पानात बसवणं

प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची लिहा, पण पानावरची: लोगो ६०० × १२०, फोटो ६०० × ४८०, दागिने २०० × ३६०, रांगोळी ६०० × २००. ही मापं नसली तर चित्र उतरेपर्यंत खालचा मजकूर वर-खाली उड्या मारतो. सीएसएसमध्ये कमाल रुंदी १०० टक्के, उंची ऑटो, आणि डिस्प्ले ब्लॉक.

डिस्प्ले ब्लॉक सगळ्यात महत्त्वाचं. चित्र मुळात ओळीतल्या अक्षरासारखं बसतं, आणि ओळीखाली उकार-बिकारासाठी जागा राखलेली असते. तीच जागा दोन पट्ट्यांमध्ये काही पिक्सेलची फट म्हणून दिसते. शेजारी ठेवलेल्या चित्रांमध्ये कोडमधल्या नुसत्या नवीन ओळीमुळेही एका स्पेसएवढी फट पडते. दागिन्यांसाठी ग्रिड (सीएसएसची कप्प्यांची मांडणी) वापरा म्हणजे तो प्रश्न येत नाही.

मोबाइलवर वेगळी रेघ उगवते. ३६० पिक्सेलच्या स्क्रीनवर लोगोचा पट्टा बरोबर ७२ पिक्सेल उंच होतो. ४१२च्या स्क्रीनवर ८२.४. या ०.४ मधून मागची पार्श्वभूमी डोकावते. म्हणूनच कापाची रेघ एकरंगी भागातून न्यायला सांगितलं: आता बाहेरच्या चौकटीला तोच पार्श्वरंग द्या, रेघ दिसेनाशी होते. जोडावर फोटो असेल आणि हे शक्य नसेल, तर खालच्या पट्ट्याला वरून उणे एक पिक्सेलचं मार्जिन. हा तोडगा आहे, चांगली सवय नव्हे.

तीन दागिन्यांच्या मागे सलग पसरलेली नक्षी असेल तर ते तीन तुकडे कापणंच चूक होतं. ४१२ला तीनने भागलं की १३७.३३ येतात, तिथे रेघ येणारच. पट्टा एकसंध ठेवा आणि टप्पा १ मधल्यासारख्या लिंका वर बसवा.

स्क्रीनच्या पहिल्या भागात दिसणाऱ्या लोगो आणि फोटोला 'लेझी' लोडिंग (चित्र दिसायची वेळ आली की मगच उतरवणं) लावू नका. दागिने आणि रांगोळीला लावा. ऑल्टमध्ये (चित्राचं शब्दांत वर्णन देणारा गुणधर्म) 'इमेज ०४' नको. 'मोत्यांची नथ' असं लिहा. रांगोळी नुसती सजावट आहे, तिचा ऑल्ट रिकामा ठेवा, पण गुणधर्म काढून टाकू नका. पानाच्या भाषेचा संकेत मराठीचा दिलात तर स्क्रीन रीडर मजकूर मराठीत वाचू शकतो.

## टप्पा ९: चढवण्याआधीची तपासणी

१. तुकड्यांच्या उंचींची बेरीज करा, टाकून दिलेले पट्टे धरून: २४० + ९६० + ४८० + ७२० + ४०० + ४०० = ३२००. रुंदी: ४०० + ४०० + ४०० = १२००. एक जरी पिक्सेल चुकत असेल तर टप्पा ३ वर जा.

२. बाहेरच्या चौकटीचा पार्श्वरंग तात्पुरता भडक गुलाबी करा. पांढऱ्यावर न दिसणारी प्रत्येक फट ओरडून समोर येते.

३. ब्राउझरचा झूम ९०, ११० आणि १२५ टक्क्यांवर नेऊन पाहा. १०० टक्क्यांवर नसलेली रेघ इथे हमखास दिसते. अनेक विंडोज लॅपटॉप मुळातच १२५ टक्क्यांवर चालतात.

४. चित्रं बंद करून पान वाचा. ऑफर काय आहे आणि दुकान कुठे आहे, हे कळलं पाहिजे.

## हेच डिझाइन ईमेलने पाठवायचं असेल

इथे तुकडे करण्याला अजूनही अर्थ आहे, कारण अनेक मेल प्रोग्रॅमना ग्रिड किंवा वर बसवलेल्या लिंका कळत नाहीत. तक्ता वापरा, कप्प्यांमधली मोकळी जागा आणि बॉर्डर शून्य करा, प्रत्येक चित्राला डिस्प्ले ब्लॉक त्याच्या टॅगमध्येच लिहा, आणि रुंदी गुणधर्मातही द्या. विंडोजवरचं जुनं आउटलुक सीएसएसमधली रुंदी मानेलच असं नाही. फॉरमॅट जेपेग आणि पीएनजीच, वेबपी नको. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठं एचटीएमएल मध्येच तोडतो. चित्रांचं वजन त्यात धरलं जात नाही, पण डिझाइनच्या साधनाने ओकलेलं फापटपसारा कोड धरलं जातं.

## शेकडो चित्रं सारख्या मापाने कापायची असतील

माउसने करू नका. इमेजमॅजिक हे मोफत साधन कमांडवर चालतं: 'क्रॉप' पर्यायाला फक्त रुंदी आणि उंची दिली, सुरुवातीची जागा दिली नाही, की ते पूर्ण चित्राचे तेवढ्या मापाचे तुकडे पाडतं. शेवटचा तुकडा उरेल तेवढाच लहान निघतो. 'प्लस रीपेज' जोडायला विसरू नका. ते नसलं तर पीएनजीचा प्रत्येक तुकडा आपण मूळ चित्रात कुठे होतो हे लक्षात ठेवतो, आणि काही प्रोग्रॅममध्ये भोवती रिकामी जागा घेऊन उघडतो.

## डिझाइन बदललं तर

बदल येतोच, बहुतेक वेळा पान चालू झाल्यावर. गाइड असलेली एक्ससीएफ किंवा पीएसडी उघडा, बदल त्यात करा आणि फक्त तोच तुकडा त्याच मापाने, त्याच दर्जाने पुन्हा काढा. नाव मात्र बदला, शेवटी आवृत्तीचा आकडा लावा. जुन्याच नावाने चढवलंत तर ग्राहकाच्या ब्राउझरने साठवलेलं जुनं चित्र दिसत राहतं आणि दुकानदाराचा फोन येतो की ऑफर बदललीच नाही. बदलात पट्ट्याची उंची वाढणार असेल, तर एक तुकडा काढून भागत नाही: खालच्या सगळ्या गाइड तेवढ्याच सम आकड्याने सरकवा आणि बेरीज पुन्हा करा.